श्रेयांकांची जमा
विद्यापीठीय शिक्षणात आता प्रत्येक विषयास श्रेयांक असतात. सत्रभर आठवड्यास १ तासाचे अध्यापन म्हणजे १ श्रेयांक होय. प्रात्यक्षिकास २ तास लागतात. मिळालेल्या श्रेणीचा अंक श्रेयांकाने गुणला जातो. पालीच्या ४ श्रेयांकांच्या विषयात ७ आणि २ श्रेयांकांच्या विषयात १० मिळाल्यास सरासरी साडेआठ नव्हे, ८ येते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अनुत्तीर्ण विषयाचे श्रेयांक अर्थातच मिळत नाहीत.

घरच्या ओढगस्तीमुळे ज्यांचे शिक्षण मध्येच खंडित होते, त्यांच्यासाठी पुढील तरतूद मोलाची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार संपादन केलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत कमाल ७ वर्षे ग्राह्य राहतात. खाते विद्यार्थ्याच्या नावे असले तरी नोंद संस्थेनेच करावयाची असते. ती झाली की नाही, हे निकाल लागताच पाहून घ्यावे.