फारोफा : ब्राझीलच्या ताटातील कोरडे तोंडीलावणे

गोव्यात फेजोआद हे नाव परिचयाचे आहे. ब्राझीलमध्ये मात्र काळा घेवडा व डुकराचे मांस एकत्र शिजवून केलेल्या त्या पदार्थाशेजारी भात आणि फारोफाची वाटी हवीच. आपल्याकडे मऊ भातावर मेतकूट घालतात, तसा फारोफा वरून भुरभुरतात. तो रस शोषून घेतो आणि मऊ घासाला कुरकुरीतपणा आणतो.

फारोफा कसाव्याच्या पिठाचा करतात. हे साबुदाण्याचे पीठ नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. सेलमकडचा साबुदाणा याच कंदापासून होतो खरा; पण तो निव्वळ सत्त्वाचा असतो, आणि सत्त्व ओल व उष्णता मिळताच चिकट बनते. फारोफाच्या पिठात कंदाचा चोथाही असतो. म्हणून त्याचा दाणा मोकळा राहतो.

कडू जातीचा कसावा विषारी असतो. कंद किसताच पेशी फुटतात व हायड्रोसायनिक आम्ल सुटू लागते. ॲमेझॉन खोऱ्यातील मूळ रहिवाशांनी रसायनशास्त्राची वाट न पाहता यावर उपाय शोधला. ‘तिपिती’ नावाच्या विणलेल्या लांब नळीत कीस ठासून ती टांगावयाची आणि खालचे टोक ओढावयाचे. नळी लांबते तशी अरुंद होते व विषारी रस गळून जातो. कोणाही यंत्रज्ञाने मान डोलवावी अशीच ही युक्ती! मग चोथा चाळून, मोठ्या तव्यावर सतत हालवीत भाजतात. उरलेसुरले आम्ल त्यात उडून जाते. तेव्हा कच्चा कंद घरी किसून लगेच परतण्याचे धाडस कोणी करू नये. तयार पीठच आणावे.

पुढची कृती सोपी आहे. जाड बुडाच्या कढईत तीन मोठे चमचे लोणी वितळवून त्यात बारीक चिरलेला कांदा मऊ होईपर्यंत परतावा. आवडत असल्यास लसूण घालावा. मग एक वाटी पीठ थोडेथोडे सोडावे. पीठ आधीच भाजलेले असल्याने मंद आचेवर पाच-सात मिनिटे पुरतात. पण हात थांबला की तळ करपलाच म्हणून समजावे. रंग सोनेरी झाला, खमंग वास सुटला आणि पीठ ओल्या गोळ्यांवाचून मोकळे राहिले, की मीठ घालून उतरवावे. काही घरांत अंडे, तर काही घरांत पिकल्या केळ्याचे काप घालतात. केळ्याचा फारोफा त्याच दिवशी संपवावा. ओल शिरली की त्याचा कुरकुरीतपणा जातो.