करटोलीला नवरा हवा

सोसायटीच्या गच्चीवरच्या सामूहिक बागेचा विषय निघाला, की सभेत पहिली सूचना लॉनची येते आणि दुसरी गुलाबांची. माझी सूचना ऐकून मात्र लोक हसतात. आधी सगळे मिळून एक दिवस डोंगरावर जाऊ, वाफे मग आखू. आपल्या पावसात कुणी न लावता काय उगवतं हे न बघताच रोपांची यादी कशाला करायची?

अशा सहलीला मला लोहगड आवडतो. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, भाज्याच्या लेण्यांवरून लोहगडवाडी गाठायची. गड हजार मीटरांहून थोडा उंच, पण वर चांगल्या पायऱ्या आहेत. पावसाळ्यातला रविवार टाळा, जत्रा असते. माणशी दोन-तीन लिटर पाणी हवंच. सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि वाट माहीत असलेल्याला शेवटी. 2025 साली हा गड जागतिक वारसा यादीत गेला. आमची मंडळी मात्र वाडीच्या कुंपणांपाशीच रेंगाळतात आणि त्याला माझी फूस असते.

कारण तिथे करटोली असते. एका श्रावणात पिवळ्या फुलांनी लगडलेला वेल बघून आमच्यातले एक काका हरखले, “यंदा पीक जोरात!” शेजारच्या अंगणातल्या मावशींनी मान वर न करता सांगितलं, “ह्यो नर हाय. ह्याला काय लागायचं न्हाई.”

खरंच आहे. करटोलीत नरवेल वेगळा, मादीवेल वेगळा. मादीफुलाच्या मागे पहिल्या दिवसापासून इवलंसं काटेरी फळ असतं, नरफुलामागे नुसता देठ. कंद मात्र दोघांचे सारखेच दिसतात. बियांना टणक कवच, त्या रुजायला महाआळशी. रुजल्या तरी नर की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही. म्हणून कंदच लावावेत, आठ-दहा माद्यांमागे एक नर या हिशेबाने. फुलं संध्याकाळी उमलतात. शहरातल्या गच्चीवर त्या वेळी कीटक फिरकतीलच असं नाही. तेव्हा नरफूल खुडून त्याचे पुंकेसर मादीफुलाला हलकेच टेकवायचे. सोसायटीतल्या पोरांना हे काम द्या, हौसेने करतात. थंडीत वेल वाळतो तेव्हा उपटू नका. कंद जमिनीत झोपलेला असतो, पुढच्या पावसाला तोच फुटतो. लॉनला हे जमतं का?

डोंगरातल्या दुसऱ्या रानभाजीवर, शेवळांवर, लिहायला बसलो तर अंक पुरायचा नाही. एवढंच सांगतो, काकडाच्या आंबट फळांशिवाय ती शिजवू नका, घसा खाजून जीव नको होईल.

आता जबाबदारीचा भाग उरकतो. फूटभर ओली माती चौरस मीटरला सुमारे पाचशे किलो भरते. वापरातल्या गच्चीवर हिशेबात धरलेला भार साधारण 150 किलोचा असतो. म्हणून आधी इंजिनिअरचा सल्ला, मग वॉटरप्रूफिंग, आणि वाफ्यांत मातीऐवजी मुख्यतः उसाची चिपाडं, पालापाचोळा, थोडं शेणखत. काडीकचऱ्यातून माती घडवण्याचा हा धडा कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ने कधीच घालून दिला आहे. पाणी कुणी घालायचं याचा तक्ता जिन्यात लावा. त्यावरून भांडणं होतीलच.

दिवाळीनंतरही एक सहल काढा. रस्त्याच्या कडेला टाकळ्याच्या शेंगा वाळलेल्या असतात. त्यांचं बी मूठभर आणलं तर पावसाळ्यात अख्ख्या सोसायटीची भाजी होते. गडावरचं मात्र काही उपटू नका. करटोलीचे कंद मे महिन्यात विकत घ्या आणि नर कोणता, मादी कोणती हे विचारून पिशव्यांवर लिहून घ्या. विकणारा “दोन्ही एकच हो” म्हणाला, तर पैसे न देता दुसरी रोपवाटिका गाठा.