सांधलेले हाड आणि आखडलेले कोपर

कोपराच्या गंभीर दुखापतीतून बरे होणे म्हणजे मोडलेले हाड जुळून येणे, असा सर्वसाधारण समज असला, तरी या सांध्यात हाड जुळणे हा बहुधा सोपा भाग असतो. हात पुन्हा किती वाकेल, किती सरळ होईल आणि तळवा किती वळेल, हा अवघड प्रश्न एक्स-रे समाधानकारक दिसू लागल्यानंतरही कित्येक महिने उरतो.

याचे कारण रचनेतच आहे. दंडाचे हाड आणि मनगटाकडे जाणारी दोन हाडे, म्हणजे करंगळीच्या बाजूचे व अंगठ्याच्या बाजूचे, यांच्यामध्ये कोपरात तीन सांधे तयार होतात आणि त्या तिन्हींवर एकच पातळ वेष्टन असते. दुखापतीनंतर हे वेष्टन जाड व ताठर होते, त्याला लगटून असलेला पुढचा स्नायूही फाटलेला असू शकतो, आणि हाडांच्या खाचा एकमेकींत इतक्या नेमक्या बसतात की थोडासा अडथळाही हालचाल रोखतो.

निरोगी कोपर पूर्ण सरळ स्थितीपासून सुमारे 140 अंशांपर्यंत वाकते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 1981 साली दाखवून दिले, की रोजच्या बहुतेक कामांना 30 ते 130 अंशांमधील हालचाल आणि तळवा वर व खाली प्रत्येकी सुमारे 50 अंश वळणे पुरते. म्हणजे हात शेवटपर्यंत सरळ झाला नाही, तरी फारसे अडत नाही. वाकणे कमी पडले, तर मात्र हाताने जेवणाऱ्या माणसाचा घास तोंडापर्यंत पोहोचत नाही. तळवा खाली वळत नसेल, तर खांदा बाजूला उचलून ती उणीव बरीचशी झाकता येते. परंतु तो वर वळत नसेल, तर ओंजळ धरणे किंवा हातावर तीर्थ घेणे अवघड होते आणि खांदा तिथे फारशी मदत करू शकत नाही. रुग्णाशी बोलताना अंशांचा हिशेब अशा कामांच्या भाषेत मांडला गेला पाहिजे.

सांधा निखळून त्यासोबत अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे डोके आणि करंगळीच्या बाजूच्या हाडाचे पुढचे टोक मोडते, तेव्हा त्या तिहेरी इजेला अस्थिशल्यचिकित्सक ‘टेरिबल ट्रायड’ म्हणतात. तीत हाडे स्क्रूने जोडून किंवा मोडलेल्या डोक्याजागी धातूचे डोके बसवून, आणि तुटलेला अस्थिबंध, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, पुन्हा शिवून सांधा स्थिर केला जातो. यामागचा मुख्य हेतू हालचाल लवकर सुरू करता यावी हा असतो, कारण केवळ निखळलेला आणि जागेवर बसवलेला सांधाही तीन आठवड्यांहून अधिक काळ प्लास्टरमध्ये राहिला, तर कायमचा आखडण्याचा धोका वाढतो. सांधा अजून नाजूक असल्यास रुग्णाला उताणे झोपवून, दंड छताकडे उभा धरून हात वाकवायला व सरळ करायला शिकवतात. या स्थितीत हाताचे वजनच हाडांना एकमेकांवर बसते ठेवते.

हा व्यायाम रुग्णाने स्वतःच्या स्नायूंच्या बळावर करायचा असतो, हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच आहे. आपल्याकडे हाडवैद्याकडून कोपर तेलाने जोरजोराने चोळून घेण्याची किंवा बादली लटकवून हात सरळ करण्याची घाई अजूनही होते, आणि अशा बळजबरीने दुखावलेल्या स्नायूत नवे हाड तयार होण्याचा धोका वाढतो. ‘मायोसायटिस ऑसिफिकन्स’ या नावाने ओळखला जाणारा हा विकार लहान मुलांच्या कोपरात विशेष खेदजनक ठरतो, कारण चोळले नसते, तर त्यांतील बहुतेकांचा सांधा कालांतराने आपोआप मोकळा झाला असता.

करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या, तर कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी अल्नर नस दाबली जात असल्याची शंका घेऊन तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

भालाफेकपटू नीरज चोप्रा याच्या उजव्या कोपरावर मे 2019 मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि जानेवारी 2020 मध्ये त्याने दक्षिण आफ्रिकेत 87.86 मीटर फेक करून टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवली. इजा वेगळ्या प्रकारची आणि तज्ज्ञांची देखरेख असूनही मध्ये आठ महिन्यांहून अधिक काळ गेला. तेव्हा सामान्य रुग्णाने दुसऱ्या महिन्यातच निराश होण्याचे कारण नाही. सहा महिने ते वर्षभर नेटाने व्यायाम करून आणि हळूहळू ताण देणारी स्प्लिंट वापरूनही हात कामापुरता हलत नसेल, तर जाड झालेले वेष्टन व वाढलेले हाड काढून सांधा मोकळा करणारी शस्त्रक्रिया उपलब्ध आहे, मात्र तिच्यानंतरचा व्यायामही तितक्याच चिकाटीने करावा लागतो.