फिश टँकचा फिल्टर रात्री आवाज करतोय? स्विच बंद करण्याआधी हे वाचा

दिवसभर गाड्यांचे हॉर्न, टीव्ही आणि मिक्सरच्या गलबल्यात फिश टँकच्या फिल्टरकडे कुणाचं लक्ष जात नाही. रात्री घर शांत झालं की मात्र तोच फिल्टर कधी गळक्या नळासारखा टपटपतो, तर कधी जुन्या टेबल फॅनसारखा घरघरतो. मग अनेक घरांत एक सोपा उपाय निघतो. झोपताना स्विच बंद, सकाळी उठल्यावर चालू!

या उपायाने माणसांना झोप लागते, पण तो माशांच्या जिवावर बेतू शकतो. फिल्टरच्या बहुतेक आवाजांचं कारण घरच्या घरी सापडतं आणि आवाज फारसा खर्च न करता कमीही करता येतो.

रात्री फिल्टर बंद का करू नये?

फिल्टर म्हणजे फक्त कचरा अडवणारी जाळी नाही. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया मिसळतो. तो माशांसाठी विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट बनवतात. या जिवाणूंना सतत ऑक्सिजन लागतो आणि तो त्यांना वाहत्या पाण्यातून मिळतो. प्रवाह थांबला की फिल्टरच्या डब्यातला ऑक्सिजन कमी होत जातो, जिवाणू मरू लागतात. सकाळी स्विच चालू केल्यावर डब्यात साचलेलं खराब पाणी थेट टाकीत येतं.

शिवाय अंधारात पाणवनस्पती ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट वापरतात. म्हणजे फिल्टरची गरज रात्री जास्तच असते.

आधी आवाज ओळखा

टाकीत तांब्याभर पाणी घालून पाहावं. आवाज कमी झाला, तर तो पडणाऱ्या पाण्याचा आहे. फिल्टरच्या बाहेरच्या भागावर किंवा टाकीच्या झाकणावर कोरड्या हाताने हलकेच दाबल्यावर आवाज थांबला, तर तो कंपनाचा आहे. दोन्हींनी फरक पडला नाही, तर मोटरकडे पाहावं लागेल.

टपटप आणि धबधब्याचा आवाज

पाणी पाण्यावर आपटल्याने आवाज होतो, असं वाटतं. पण नळाच्या टपटपण्यामागचं खरं कारण वेगळं आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ते अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं. थेंब पडताना पाण्याखाली हवेचा एक छोटा बुडबुडा अडकतो. तो थरथरतो आणि त्या थरथरीतून ‘टप्’ असा आवाज येतो. टाकीतही हेच लागू पडतं. पाणी जितक्या उंचीवरून पडेल तितकी जास्त हवा सोबत ओढली जाते आणि आवाज वाढतो.

म्हणून पहिला उपाय म्हणजे पाण्याची पातळी वाढवणं. काठाला टांगलेल्या फिल्टरमधलं पाणी घसरगुंडीवरून आल्यासारखं अलगद टाकीत उतरायला हवं. उन्हाळ्यात किंवा सीलिंग फॅनखाली पाण्याची वाफ लवकर होते, पातळी खाली जाते आणि आवाज वाढत जातो. नळाचं पाणी घालणार असाल, तर त्यातलं क्लोरीन आधी अँटी-क्लोरीनने घालवावं.

एवढ्याने भागलं नाही, तर फिल्टरच्या तोंडाशी स्वच्छ स्पंजचा तुकडा बसवावा. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीचा मधला भाग कापून तो तोंडावर अडकवला तरी पाण्याची धार पसरते आणि वेग कमी होतो. बेटासारख्या लांब परांच्या माशांना असा संथ प्रवाहच मानवतो. फिल्टरवर प्रवाह कमी-जास्त करण्याची कळ असेल, तर तीही वापरून पाहावी.

एक इशारा महत्त्वाचा आहे. केंब्रिजच्या त्याच प्रयोगात पाण्यात भांड्यांचा साबण घातल्यावर टपटप थांबली होती. हा प्रयोग फिश टँकमध्ये अजिबात करू नये. साबण माशांच्या कल्ल्यांना घातक असतो. स्पंजही वापरलेला किंवा साबण लागलेला नसावा.

शिंतोडे आणि वीज

उडणाऱ्या थेंबांमुळे काचेवर आणि झाकणावर क्षारांचे पांढरे डाग पडतात. बोअरचं पाणी असेल, तर ते जास्तच दिसतात. पण खरा धोका विजेचा आहे. टाकीतून निघालेल्या वायरवरून थेंब ओघळत थेट प्लगपर्यंत पोहोचू शकतात. त्यासाठी वायर प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवावी, म्हणजे पाणी त्या सर्वांत खालच्या भागावरून जमिनीवर गळून जातं. एक्स्टेन्शन बोर्ड टाकीच्या खाली जमिनीवर ठेवू नये.

घरघर आणि खरखर

फिल्टरच्या मोटरमध्ये चुंबकावर बसवलेला छोटा पंखा असतो, त्याला इम्पेलर म्हणतात. त्यात वाळूचा कण, वनस्पतीचं पान किंवा शेवाळ अडकलं की खरखर सुरू होते. प्लग काढून इम्पेलर बाहेर घ्यावा आणि जुन्या, मऊ टूथब्रशने तो व त्याची खाच स्वच्छ करावी. तेल कधीही घालू नये. साफ करूनही खरखर राहिली, तर इम्पेलर किंवा त्याची दांडी झिजलेली असू शकते. अनेक फिल्टरसाठी हा भाग वेगळा मिळतो.

वीज जाऊन परत आल्यावर खडखडाट सुरू झाला, तर मोटरमध्ये हवा अडकलेली असते. काठाला टांगलेल्या फिल्टरचा डबा मगभर पाण्याने भरून स्विच चालू केला की तो बहुधा पुन्हा नीट चालतो. पाण्यात बुडवायचा फिल्टर असेल, तर प्लग काढून तो पाण्यातच हलकेच तिरका करावा, अडकलेली हवा निघून जाते.

एअर पंपची गुणगुण

भारतात घरगुती वीज ५० हर्ट्झची असते. एअर पंपातला रबरी पडदा त्याच तालावर थरथरतो. पंप लाकडी टेबलावर किंवा काचेला टेकून असेल, तर ती थरथर त्यात पसरते आणि आवाज मोठा होतो. पंपाखाली जाड फोम, माउस पॅड किंवा जुन्या रबरी चपलेचा तुकडा ठेवला की बराच फरक पडतो. स्पंज फिल्टरच्या नळीत एअर स्टोन बसवला, तर मोठ्या बुडबुड्यांऐवजी बारीक बुडबुडे येतात आणि गुडगुड कमी होते. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल, तर नळीत एकेरी व्हॉल्व्ह असायलाच हवा. नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात शिरू शकतं.

किती शांत करायचं?

पाण्याचा पृष्ठभाग अगदी काचेसारखा स्थिर करू नये. हवेतला ऑक्सिजन हलत्या पृष्ठभागातूनच पाण्यात नीट मिसळतो. त्यातच गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात मिलिग्रॅम. त्यामुळे मार्च ते मे या महिन्यांत, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, पाणी थोडं जास्त हलतं ठेवणंच बरं.

उपाय केल्यानंतर दोन-तीन दिवस सकाळी टाकीकडे लक्ष द्यावं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर प्रवाह लगेच वाढवावा. बेटा आणि गुरामी अधूनमधून वर येऊन हवा घेतातच, ती त्यांची सवय आहे. गोल्डफिशने मात्र तसं केलं, तर ती धोक्याची खूण समजावी.

आणि स्पंज धुताना तो नळाखाली धरू नये. टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यातच तो पिळून घ्यावा, म्हणजे घाण निघते आणि कामाचे जिवाणूही टिकतात.