काळी माती शेतात सोनं, पिशवीत संकट: पुसदमध्ये झाडांची रोपवाटिका सुरू करण्याआधी हे वाचा



पुसदमध्ये कुणालाही विचारा, चांगली माती कोणती? उत्तर ठरलेलं आहे: काळी. कापूस, तूर, सोयाबीन, सगळं तिच्यावरच पिकतं. म्हणून रोपवाटिका सुरू करणारा नवा माणूस काय करतो? शेतातून एक ट्रॉली काळी माती आणतो, पिशव्या भरतो, बी टोचतो आणि पाणी घालतो. पहिले पंधरा दिवस सगळं छान दिसतं. मग पिशवीतली माती वरून तडकते, आतून चिखल होते आणि रोपं एकेक करून माना टाकतात.

व्हिडिओमध्ये आपण जागा, शेडनेट आणि गिऱ्हाईक यावर बोललो. या लेखात फक्त पिशवीच्या आतलं बघू. कारण या धंद्यात लोक पान बघून रोप घेतात, पण ते जगतं मुळावर. आणि मूळ कसं होणार, हे तुम्ही पिशवी भरता त्या दिवशीच ठरतं.

आधी पैशाचा हिशोब

वही घ्या. समजा, तुम्ही ५,००० पिशव्या भरल्या. माती, वाळू, खत, पिशव्या, बी, मजुरी आणि पाणी मिळून खर्च ५०,००० रुपये आला. विक्रीचा भाव धरू १५ रुपये. (आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या गावचे भाव टाकून पुन्हा मांडा.)

- ४,००० रोपं विकली गेली, तर आले ६०,०००. नफा १०,०००.
- ३,००० रोपं विकली गेली, तर आले ४५,०००. तोटा ५,०००.

खर्च तोच, मेहनत तीच. फरक फक्त हजार रोपांचा. म्हणून एका रोपाचा खर्च काढताना एकूण खर्चाला भरलेल्या पिशव्यांनी भागू नका, विकल्या गेलेल्या रोपांनी भागा. मातीवर दोन-तीन हजार वाचवायला गेलात आणि हजार रोपं मेली, तर ती बचत किती महागात पडली ते वहीतच दिसेल.

काळी माती पिशवीत का बिघडते?

आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून तयार झालेली आहे. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण जास्त असतं. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात त्या यामुळेच. शेतात हा गुण कामाचा आहे. पाणी धरून ठेवते, म्हणून पाऊस संपल्यावरही कापूस आणि तूर उभी राहते.

पण पिशवी म्हणजे शेत नव्हे. तिथे पाण्याला खाली उतरायला जागा नाही आणि मुळाला हवा हवी असते. ओली काळी माती हवेच्या सगळ्या फटी बुजवून टाकते. वाळली की कडेने आकसते आणि नाजूक मुळं तोडते. नंतर घातलेलं पाणी त्या कडेच्या फटीतून थेट खाली निघून जातं, मधला गोळा कोरडाच राहतो. तुम्हाला वाटतं पाणी दिलं, पण रोप तहानलेलंच!

तलावाच्या गाळाचंही तेच. राज्य सरकारने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली आणि गाळ शेतात टाकायची सवय वाढली. हलक्या रानात गाळ उत्तमच. पण नुसता गाळ पिशवीत भरू नका. तोही बारीक आणि चिकट असतो.

माती तपासा, घरीच

१. बरणीची चाचणी. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घाला. जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत, आणि चिकणमाती सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी थर मोजा. वरचा बारीक थर जाड असेल तर वाळू वाढवायची.

२. मुठीची चाचणी. तयार मिश्रण ओलसर करून मूठ आवळा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोट लावताच फुटला, तर बरोबर. फुटला नाही तर चिकण जास्त. गोळाच झाला नाही तर वाळू जास्त.

३. निचऱ्याची चाचणी. एक पिशवी भरून वरून तांब्याभर पाणी घाला. पाणी वर डबक्यासारखं थांबता कामा नये. थोड्याच वेळात खालच्या छिद्रांतून ठिबकायला हवं.

४. चुनखडीची चाचणी. मातीवर थोडं व्हिनेगर टाका. फसफसली तर मातीत चुनखडी आहे. अशा मातीत रोपांना लोह नीट मिळत नाही आणि नवी पानं पिवळी पडतात. दुसऱ्या जागेची माती बघा.

मोठं काम करणार असाल तर मातीचा आणि बोअरच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. पाणी क्षारयुक्त असेल तर पिशवीच्या वर पांढरा थर जमतो आणि रोप खुंटतं.

मिश्रण: किती आणि कसं

- काळी माती वापरणार असाल तर: १ भाग माती, २ भाग वाळू, १ भाग कुजलेलं शेणखत.
- माळरानावरची हलकी, तांबूस माती असेल तर: २ भाग माती, १ भाग वाळू, १ भाग शेणखत.

हे प्रमाण म्हणजे सुरुवात समजा. मुठीची आणि निचऱ्याची चाचणी जे सांगेल तसं कमी-जास्त करा. वाळू महाग पडत असेल तर बारीक चाळलेला मुरूम अर्ध्या वाळूच्या जागी चालतो. वाळू रॉयल्टीच्या पावतीसहच घ्या. बांधकामावरची सिमेंट-चुना मिसळलेली वाळू फुकट मिळाली तरी नको.

शेणखत ओळखायचं कसं? ढिगात हात घाला. गरम लागलं, शेणाचा वास आला, तर ते कच्चं आहे. कच्च्या खताने मुळं जळतात, हुमणी आणि उधई येते. पक्कं खत काळसर, भुसभुशीत असतं आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो.

आता ब्रासचा हिशोब, जो बहुतेक जण करत नाहीत. ५ × ८ इंची पिशवीत साधारण ०.९ लिटर मिश्रण बसतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २,८३० लिटर. म्हणजे एका ब्रासमध्ये साधारण ३,००० पिशव्या. वाळूच्या फटींत माती बसते, त्यामुळे मिसळल्यावर माल कमी भरतो, थोडा सांडतोही. म्हणून ५,००० पिशव्यांसाठी दोन ब्रास माल धरा: काळी माती अर्धा ब्रास, वाळू एक ब्रास, शेणखत अर्धा ब्रास. आता ट्रॅक्टरवाल्याशी बोलताना तुम्ही अंदाजाने बोलणार नाही.

शेवटचं काम आपलं ऊन फुकटात करून देतं. एप्रिल-मेमध्ये माती आणि वाळू ओली करून सहा इंच जाडीचा थर पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा मातीने दाबा. चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. आपल्या उन्हात तणाचं बी आणि बऱ्याच बुरशा मरतात. प्लास्टिक काढून गार झाल्यावर खत मिसळा आणि त्यातच ट्रायकोडर्मा घाला. आधी घातलात तर तोही उन्हात जाईल. ही माती पावसाळ्यात भरायच्या पिशव्यांच्या कामाची. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिशव्या भरायच्या असतील, तर आदल्या उन्हाळ्यात तापवून झाकून ठेवलेली माती वापरा.

बी: कुणाला घाई, कुणाला धीर

सगळ्या बिया सारख्या नसतात. इथेच पैसे बुडतात.

घाईच्या बिया: कडुनिंब, जांभूळ, मोह. या बिया जून-जुलैमध्ये मिळतात आणि लवकर मरतात. पिकलेल्या पिवळ्या निंबोळ्यांचा गर काढा, बी धुऊन सावलीत वाळवा आणि दोन-तीन आठवड्यांत पेरून मोकळे व्हा. जांभूळ तर खाल्लं की लावायचं. कुणी गेल्या वर्षीचं कडुनिंबाचं बी स्वस्तात देत असेल तर हात जोडा. ही रोपं पुढच्या पावसाळ्यात विकायची, म्हणून त्यांना मोठी पिशवी द्या.

धीराच्या बिया: चिंच. हिचं बी बराच काळ टिकतं. चोवीस तास पाण्यात भिजवा, तरंगणारं काढून टाका. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलं तर जुलैला रोप विक्रीला तयार.

झटपट बी: शेवगा. आठ-दहा दिवसांत उगवतो. एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये लावा. लवकर लावलात तर विक्रीपर्यंत तो पिशवीत मावणार नाही.

हट्टी बी: साग. यवतमाळ जिल्हा सागाच्या जंगलांचा, पण त्याचं टणक फळ सहज उगवत नाही. केरळमध्ये निलंबूरला १८४० च्या दशकात कलेक्टर कॉनोली यांनी सागाची लागवड सुरू केली, तेव्हा सुरुवातीला बी उगवेना. चातू मेनन यांनी काम हाती घेतलं, तेव्हा रोपं तयार झाली. आज आपल्याला रीत माहीत आहे: रात्रभर पाण्यात, दिवसभर उन्हात, असं दहा ते चौदा दिवस. मग वाफ्यात पेरा. तरीही उगवण कमी आणि रेंगाळत होते, म्हणून पहिल्याच वर्षी सागावर सगळी भिस्त ठेवू नका.

कोणतंही बी घ्या, आधी १०० बिया ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजा. साठ उगवल्या तर पिशवीत दोन-दोन बिया टाका. खोली बियांच्या जाडीच्या दुप्पट, त्याहून खोल नको. बी एकाच झाडाचं घेऊ नका, चार-पाच निरोगी, जोमदार झाडांचं घ्या. आणि गिऱ्हाइकाला खरं सांगा: बियांपासूनचं फळझाड आईसारखंच निघेल याची खात्री नसते. फळझाडांची रोपं विकायला कृषी विभागाचा परवाना लागतो. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आधी विचारा.

रोपांची काळजी: पाच नियम

१. माती बघून पाणी द्या. बोट एक पेर आत घाला. ओलं लागलं तर पाणी नको. मेमध्ये सकाळ-संध्याकाळ लागेल, पावसाळ्यात चार दिवस लागणारही नाही.

२. मर ओळखा. देठ मातीलगत तपकिरी, बारीक होऊन रोप आडवं पडतं. कारण जास्त पाणी, दाट पेरणी आणि कोंदट हवा. पाणी थांबवा, पडलेली रोपं काढून लांब टाका, हवा खेळू द्या. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड लेबलवर दिलेल्या प्रमाणातच द्या.

३. पिवळेपणा वाचा. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता. खालची जुनी पानं पिवळी, तर नत्राची. दोन्हींवर एकच औषध मारू नका.

४. पिशव्या हलवा. महिन्यातून एकदा प्रत्येक पिशवी उचलून जागा बदला. नाहीतर मूळ छिद्रातून जमिनीत जातं आणि विक्रीच्या दिवशी तुटतं. फार दिवस ठेवलं तर मूळ पिशवीत गोल-गोल फिरतं. असं झाड दोन-तीन वर्षांनी वाऱ्याने कलतं किंवा खुंटतं. तेव्हा शेतकरी तुमचंच नाव घेणार.

५. रोप काटक करा. विक्रीआधी तीन-चार आठवडे शेडनेटखालून हळूहळू उन्हात आणा, पिशव्यांत अंतर ठेवा, पाणी कमी करा. सावलीत वाढलेलं उंच, लुसलुशीत रोप गाडीवर छान दिसतं, पण बांधावर टिकत नाही.

तारीख चुकली की धंदा चुकला

पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांचा जन्म १ जुलै १९१३ चा, आणि हा दिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळतात. वनमहोत्सवही जुलैच्या पहिल्या आठवड्यात. राज्याने २०१६ मध्ये २ कोटी वृक्षलागवडीची मोहीम घेतली तीही १ जुलैलाच, आणि २०१९ पर्यंत उद्दिष्ट ३३ कोटींवर गेलं. म्हणजे ग्रामपंचायत, शाळा, शेतकरी, सगळे एकदम मागायला येतात. ते चार-सहा आठवडे हाच तुमचा हंगाम.

म्हणून १ जुलैपासून उलटं मोजा. जूनमध्ये रोप काटक करायचं, तर चिंच मार्चपर्यंत लावलेली हवी, म्हणजे मिश्रण फेब्रुवारीत तयार, म्हणजे शेणखत दिवाळीतच बोलून ठेवलेलं. मोठी ऑर्डर आली तर लेखी घ्या: जात, उंची, पिशवीचा आकार, उचलण्याची तारीख आणि आगाऊ रक्कम.

आणि विकताना एक रोप गिऱ्हाइकासमोर पिशवी फाडून दाखवा. पांढरी, सरळ, मातीला धरून असलेली मुळं बघितली की भावाची घासाघीस कमी होते. त्या एका रोपाचे पैसे जातील, पण तेवढी स्वस्त जाहिरात दुसरी नाही.

या आठवड्याचं काम

तीन ठिकाणची माती आणा, तीन बरण्या भरा. प्रत्येकीचं मिश्रण करून दहा-दहा पिशव्या भरा आणि शेवगा लावा. तीस पिशव्या, महिनाभर. जगलेली रोपं मोजा, दोन-दोन पिशव्या फाडून मुळं बघा, वहीत लिहा. ज्या मातीत मूळ सगळ्यात चांगलं निघेल, तिचीच ट्रॉली मागवा. पाच हजार पिशव्यांचे पैसे घालण्याआधी तीस पिशव्यांना विचारून घ्या.