बेअरिंगचा नंबर क्रँकला विचारा

ऊसतोड तोंडावर आली आणि आमच्या ट्रॅक्टरचं बेअरिंग वाजायला लागलं. इंजिन गार असताना काही नाही. तासाभराने तेल पातळ झालं, की रेस सोडताना आतून टक् टक् टक्. गावच्या मिस्त्रीने चेंबर खोललं, कनेक्टिंग रॉडची टोपी काढली आणि बिग एंड बेअरिंगची अर्धगोल पत्री माझ्या हातावर ठेवली. वरचा राखाडी मुलामा उडून खालचं तांबं दिसत होतं. पाठीवर कोरलं होतं ०.२५. मी लगोलग तालुक्याला जाऊन ०.२५चा सेट आणला.

दोन दिवसांनी क्रँक घेऊन कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ग्राइंडिंगला गेलो, तेव्हा तिथल्या मिस्त्रींनी माझा डबा उघडूनही पाहिला नाही. “ह्यो नंबर मागच्या मिस्त्रीचा. क्रँक आज किती हाय, ते आधी बघूया की.”

माझी चूक तिथेच होती. जुन्या बेअरिंगचा आकडा सांगतो तो गेल्या वेळचा हिशेब. त्यानंतर क्रँकची पिन, म्हणजे रॉड ज्यावर बसतो तो गोल भाग, किती झिजली, हे त्या पत्रीला कुठून कळणार?

या आकड्याचा घोळ नावापासूनच सुरू होतो. ०.२५ ‘अंडरसाइज’ म्हटलं की बेअरिंग लहान असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते जाड असतं. लहान झालेली असते ती पिन. रॉडचं भोक कायम तेवढंच. पिन घासून पाव मिलिमीटर बारीक केली, की मधली जागा भरायला प्रत्येक पत्री ०.१२५ मिलिमीटरने जाड लागते. पाव मिलिमीटर व्यासावरचा, म्हणून दोन पत्र्यांत निम्मा निम्मा. जुने मिस्त्री यालाच ‘दहा’ म्हणतात, कारण इंची मापात तो इंचाच्या हजाराव्या भागाच्या दहापट, म्हणजे ०.२५४ मिलिमीटर. पुढे वीस, तीस.

मिस्त्रींनी पिन रॉकेलने पुसली आणि मायक्रोमीटर लावला. एकदा नाही. पिनच्या दोन्ही कडांना, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा. पिन गोल झिजत नाही. स्फोटाचा दणका ठरावीक बाजूला बसतो, म्हणून ती लंबगोल होते. सोयीसाठी इथे सोपे आकडे धरू: नवी पिन ६० मिलिमीटरची. मागच्या खेपेला ती ५९.७५ झालेली; आता एका दिशेने ५९.६८, दुसऱ्या दिशेने ५९.६३. म्हणजे पाच शतांशांचा लंबगोल. माझा ०.२५चा सेट तिथेच बाद झाला. पुढचा टप्पा ५९.५०. पण तेवढ्यावर पिन साफ निघेल का? मिस्त्रींनी अंगठ्याचं नख पिनवरून आडवं ओढलं. एका चरीत ते किंचित अडकलं. जिथे पिन ५९.६३ आहे, तिथे एका बाजूने जेमतेम ०.०६५ मिलिमीटर निघणार. चर त्याहून खोल असेल तर ०.७५वर जावं लागेल. नशिबाने ती उथळ होती.

पण त्यांनी लगेच दगड फिरवला नाही. आधी मला ०.५०चा सेट आणायला पिटाळलं. दुकानात ते माप मिळालंच नाही, तर घासलेला क्रँक घेऊन काय करायचं? सेट आल्यावर पत्र्या रॉडमध्ये बसवल्या, बोल्ट टॉर्क पान्याने ठरल्याइतके आवळले आणि आतला व्यास मोजला: ५९.५६. पिन ५९.५० झाली की मधे उरणार सहा शतांश. कंपनीचं पुस्तक सांगेल ते खरं. हाताशी नसेल तर पिनच्या व्यासाचा हजारावा भाग, असा ढोबळ ठोकताळा आहे.

सुताराचं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यात ही फट पन्नासहून जास्त वेळा मावेल. एवढ्याशा जागेत तेल असतं आणि फिरती पिन त्यावर अक्षरशः तरंगते. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशॅम्प टॉवर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला त्यांनी वर भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी उलट वर आलं. बूच मारलं, तर तेही बाहेर ढकललं गेलं. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून दाब तयार करतो, हे त्यातून उमगलं; त्याचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६मध्ये मांडलं. फट मोठी झाली की तेल कडेने पळतं, प्रेशरचा काटा पडतो आणि टकटक सुरू होते. फार लहान ठेवली, तर तेल पुरेसं खेळत नाही, पत्री तापते आणि पिनला धरते.

तरीही पत्रीमागे कागद किंवा पत्रा घालून आवाज मारण्याचा, टोपी कानशीने घासण्याचा उद्योग अजून चालतो. तो निव्वळ अडाणीपणा नव्हे. पूर्वी मऊ बॅबिट धातू थेट रॉडमध्ये ओतत, टोपीखाली पातळ पट्ट्या असत. झीज झाली की एक पट्टी काढून टोपी खाली आणणं ही रीतच होती. पातळ पत्र्या आल्या आणि तीच रीत घातक झाली. कागदामागे उष्णता अडकते, घासलेल्या टोपीने भोक लंबगोल होतं.

मोटारींत आणखी एक बारकावा. होंडाच्या अनेक इंजिनांत रॉडवर आकडा आणि क्रँकवर अक्षर असतं. एकेक टप्पा सहा मायक्रॉनचा. दोन्ही खुणा तक्त्यात जुळवल्या की पत्रीचा रंग ठरतो. ही निवड न घासलेल्या क्रँकसाठी आहे. हिरव्याऐवजी तपकिरी घालून पाव मिलिमीटरची झीज भरत नाही.

संध्याकाळी क्रँक घासून आला. त्याच्या मेन पिन, म्हणजे ज्यांवर क्रँक स्वतः इंजिनात फिरतो त्या, बऱ्या होत्या; त्या ०.२५वरच निघाल्या. गाडीत ठेवण्याआधी मिस्त्रींनी ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि क्रँकच्या अंगावर लिहिलं: बिग ५०, मेन २५. माझा आधीचा सेट दुकानदाराने परत घेतला नाही. तो अजून माळ्यावर आहे.