वाहनपूजा : आधी स्नान, मग लेप

विजयादशमीस मोटारीला झेंडूची माळ घालण्याची प्रथा घरोघरी आहे. षोडशोपचारांत मात्र स्नान आधी, वस्त्र व गंध त्यानंतर, आणि मग पुष्प. हाच क्रम मोटारीलाही पाळावा, असे आम्हांस वाटते. वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्याने रंगावर मीठ व रेती बसते. तशीच घासल्यास चरे पडतात. म्हणून मोटार सावलीत, भरपूर गोड्या पाण्याने धुवावी व मऊ कापडाने टिपावी. पॉलिशने रंगाचा निस्तेज सूक्ष्म थर निघतो, सबब ते वारंवार करू नये. त्यावर मेणाचा पातळ लेप द्यावा. तो खारे पाणी रंगापासून दूर ठेवतो. गंज चढला असल्यास मेणाखाली झाकू नये. तो पत्रा खातच राहतो. आधी गंज काढून रंग द्यावा, मगच भक्तिभावाने माळ घालावी.